पांढऱ्यावर पांढरी नक्षी

कॅमेऱ्याच्या वहीत एकतीस मुद्दे होते आणि त्यांत ताईंच्या साडीचा उल्लेख नव्हता. साडी ऑर्डरच्या वहीत होती. दोन्ही वह्या एकाच खणात, एकीवर एक ठेवलेल्या. चार महिने मी दोन्ही जवळजवळ रोज उघडत होते, आणि एकीतली ओळ दुसरीत न्यावी हे मला एकदाही सुचलं नाही.

शनिवार पेठेत माझा छोटा स्टुडिओ आहे. पासपोर्टचे फोटो, शाळांचे ग्रुप आणि हंगामात लग्नं. एकटीने चालवायचं म्हटलं की डोक्यात काही ठेवून भागत नाही, म्हणून मी सगळं लिहिते. ऑर्डरच्या वहीत गिऱ्हाइकाला काय हवं ते, आणि लांबड्या वहीत स्टुडिओला काय हवं ते. फिल्मच्या एकाच कॅमेऱ्यावर मी अठरा वर्षं काम केलं होतं. त्याच्याबद्दल कुठल्याच वहीत काही लिहायची वेळ आली नव्हती.

मग हिंजवडीला जाणाऱ्या कंपन्यांच्या बस आमच्या वारज्याच्या चौकात थांबायला लागल्या, आणि लग्नाची बोलणी करायला येणारे लोक अल्बमच्या आधी सीडीचं विचारायला लागले. "सीडी देता ना?" मी म्हणायचे, फोटो स्कॅन करून देते. त्यावर ते एकमेकांकडे बघायचे आणि "कळवतो" म्हणून उठायचे. पुण्यात "कळवतो" म्हणजे काय, हे वेगळं कळवावं लागत नाही.

त्याच सुमाराला ताईंच्या मुलीचं लग्न ठरलं. ताई आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. सरकारी कचेरीत नोकरी, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठ्या, आणि गेली बारा वर्षं आमच्या किल्ल्यांचा एक जोड त्यांच्याकडे असतो. मुलगी हिंजवडीच्या एका कंपनीत. लग्न बौद्ध पद्धतीचं, धायरीच्या एका मंगल कार्यालयात, रविवारी दुपारी. नवऱ्या मुलाचा मोठा भाऊ अमेरिकेत, त्याला येता येणार नव्हतं. त्याची एकच अट होती: दोन दिवसांत फोटो कॉम्प्युटरवर दिसले पाहिजेत.

ताईंचीही एकच अट होती. बौद्ध लग्नात नवरानवरी पांढऱ्या कपड्यांत असतात, आणि मुलीची साडी ताई स्वतः भरत होत्या. पांढऱ्या साडीवर पांढऱ्या दोऱ्याने पिंपळाची पानं. काठाला लहान, पदरावर मोठी. वर्षभर हे चाललं होतं. कचेरीतून आल्यावर उजेड असेपर्यंत, आणि सुट्टीच्या दिवशी सकाळपासून, गॅलरीत बसून. डोळ्यांत मोतीबिंदू होता. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं तेव्हा त्यांनी मुद्दाम लग्नानंतरची तारीख घेतली.

"आधीच करून घ्या ना ताई, स्पष्ट दिसेल," मी म्हटलं.

"आणि मधला महिनाभर सुई कोण धरणार? तू?"

थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, "अगं, साडी एकदा नेसली की कपाटात जाते. पुढे कोण काढून बघतंय? फोटोत पानं दिसली पाहिजेत. बाकी तुला काय काढायचं ते काढ."

मी ऑर्डरच्या वहीत लिहिलं: पानं दिसणे आवश्यक. खाली दोन रेघा मारल्या आणि वही मिटली.

मग लांबडी वही उघडून कॅमेऱ्याच्या मागे लागले. ताईंच्या मुलीच्या लग्नाच्या आत नवा डिजिटल कॅमेरा घ्यायचा, त्यावर हात बसवायचा आणि मग कार्यालयात पाऊल टाकायचं, असा माझा बेत होता.

माझ्या आवाक्यात दोन कॅमेरे होते. पहिला माझ्या जुन्या कॅमेऱ्याच्याच घराण्यातला, त्यामुळे माझ्याकडच्या तिन्ही लेन्स त्याला बसणार होत्या. पण तो सावकाश होता. एक फोटो काढला की पुढच्यासाठी तयार व्हायला वेळ घ्यायचा, आणि कमी उजेडात त्याच्या फोटोवर रवा सांडल्यासारखे दाणे दिसायचे. दुसरा चपळ होता, अंधुक उजेडातही स्वच्छ फोटो द्यायचा, पण माझी एकही लेन्स त्याला बसत नव्हती. म्हणजे कॅमेरा चांगला आणि पुढे लावायला काही नाही.

इथपर्यंत सोपं होतं. पुढे ताईंच्या मुलीने मदत करायला घेतली. ती ऑफिसमधून इंटरनेटवरची चर्चा छापून आणायची आणि संध्याकाळी आमच्या टेबलावर ठेवायची.

"काकू, मेगापिक्सेलवर जाऊ नका हं. ते सगळं मार्केटिंग आहे. डायनॅमिक रेंज बघा."

"ती काय असते?"

"म्हणजे एकदम ब्राइट आणि एकदम डार्क, दोन्हीकडचं डिटेल किती राहतं ते. मला पण एक्झॅक्ट नाही माहीत. पण फोरमवर सगळे त्याच्यावरच भांडतायत."

मी तो अकरावा मुद्दा म्हणून लिहिला आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

त्या कागदांत जगभरचे फोटोग्राफर होते. एक म्हणायचा पहिलाच घ्या. दुसरा म्हणायचा, पहिला घेणारे सगळे पस्तावतात. तिसरा कुठल्यातरी थंड मुलखातला असावा, तो लिहीत होता की बर्फात बॅटरी टिकत नाही. मी तेही टिपून घेतलं. धायरीत बर्फ पडत नाही हे दुसऱ्या दिवशी लक्षात आल्यावर खोडलं.

मग कळलं की माझ्या रुंद लेन्सचाच घोटाळा आहे. नव्या कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी जो तुकडा असतो तो फिल्मपेक्षा लहान, त्यामुळे जी लेन्स माझ्या जुन्या कॅमेऱ्यावर वीस माणसं एका फोटोत घ्यायची ती आता चौदाच घेणार होती. लग्नातल्या ग्रुपमध्ये टोकाला जी माणसं उभी असतात ती आधीच कशावरून तरी रुसलेली असतात. त्यांनाच नेमकं फोटोतून कापायचं म्हणजे पुढच्या दहा वर्षांची भांडणं. म्हणजे लेन्स बसते हा पहिल्या कॅमेऱ्याचा मोठा गुण होता, पण लेन्स बसूनही उपयोग नव्हता. तो मुद्दा पहिल्याच्या बाजूने धरायचा की विरुद्ध? मी दोन्हीकडे अर्धा अर्धा गुण दिला.

कॅमेऱ्याचं दुकान माझ्या स्टुडिओपासून चालत पाच मिनिटांवर. पुढे कॅमेरे, मागे फोटो धुण्या-छापण्याची लॅब. माझे रोल कायम तिथेच जायचे, त्यामुळे दुकानदार मला चांगलं ओळखून होते. तिसऱ्या खेपेला मी वही काउंटरवर ठेवली तेव्हा त्यांनी चष्मा वर केला.

"मॅडम, कॅमेरा घ्यायला आलात की कॅमेऱ्याची परीक्षा घ्यायला?"

"तुम्ही कोणता घ्याल?"

"मी? मी विकतो."

"पण घ्यायचा झालाच तर?"

"मग सहा महिने थांबेन. तोवर हे दोन्ही जुने होतील."

सहा महिने थांबायची सोय नव्हती. मी घरी येऊन प्रत्येक मुद्द्याला दहापैकी गुण दिले आणि बेरीज केली. दोघांना एकशे ब्याण्णव. पुन्हा केली. या वेळी पहिल्याला एक गुण जास्त. तिसऱ्यांदा केली तेव्हा दुसऱ्याला एक जास्त. हाताने बेरीज करताना मी कधी चुकत नाही, पण तेव्हा चुकत होते, आणि कोणत्या वेळी चुकले तेही कळत नव्हतं.

आमच्या ह्यांनी वही उलटीसुलटी करून बघितली. "अगं, माझं ठरवताना एवढा विचार केला होतास का?"

"तेव्हा दुसरा पर्याय नव्हता."

"बरोबर. म्हणून लवकर उरकलं."

शेवटी मी पहिला घेतला. बाकीच्या लेन्स हाताशी असल्यामुळे त्याच्या जोडीला एक नवी रुंद लेन्स घेणं जमत होतं, दुसऱ्याच्या बाबतीत ते जमत नव्हतं. हे कारण तेव्हा मला पुरेसं वाटलं. कॅमेरा हातात आल्यावर मी रीतसर चाचण्या घेतल्या. लग्नातले सगळे रंग तपासायचे म्हणून ट्रंकेतले ब्लाउजपीस आणले आणि स्टुडिओत दोरीला टांगले: हिरवा, हळदी, कुंकवाचा लाल, मोरपंखी, जांभळा, खणाचा काळा. प्रत्येकाचे चार फोटो, वेगवेगळ्या उजेडात. सगळे रंग सुरेख आले. वहीत एकतिसाव्या मुद्द्यापुढे बरोबरची खूण केली आणि बरेच दिवसांनी वेळेवर जेवले.

लग्नाला पंधरा दिवस असताना ताई मुलीला घेऊन स्टुडिओत आल्या. साडी पुरी झाली होती. जुन्या चादरीत गुंडाळून आणलेली. त्यांनी ती टेबलावर उलगडली आणि मी दिवा जवळ ओढला. पानं खरंच देखणी होती. देठाला साखळी टाका, कडेला बारीक गाठी, आणि प्रत्येक पानाचं टोक लांब, खाली ओढलेलं. बोट फिरवलं की कळायचं. नुसतं बघून मात्र, दिवा बाजूला असला की दिसायची, समोर आला की नाहीशी व्हायची. हे मी बघितलं आणि त्यावर काही विचार केला नाही.

मुलीच्या खांद्यावर पदर टाकून मी नव्या कॅमेऱ्याने चार फोटो काढले आणि कॉम्प्युटरवर लावले. मुलगी छान आली होती. साडीच्या जागी कोरा कागद होता.

ताई पडद्याजवळ वाकल्या. "पानं कुठायत?"

"थांबा हं," मी म्हटलं. उजेड कमी धरून पुन्हा काढला. कागदाची चादर झाली. आणखी कमी धरला. आता डोळे बारीक केले तर काठाला पानासारखं काहीतरी असल्याचा भास व्हायला लागला, पण मुलीचा चेहरा काळोखात गेला.

"काकू, माझ्या तोंडावर लोडशेडिंग झालंय," ती म्हणाली.

"तुझं तोंड ओळखीचं आहे," ताई म्हणाल्या. "पानांचं काय?"

मी वर बघितलं. भिंतीवर माझ्याच हाताने लिहिलेली पाटी होती, अठरा वर्षांची: पासपोर्ट फोटोसाठी पांढरे कपडे घालून येऊ नये. आल्यास स्टुडिओचा काळा कोट चढवला जाईल. पांढऱ्या पडद्यापुढे पांढरा सदरा घातलेला माणूस नुसतं मुंडकं दिसतो, म्हणून तो नियम केला होता. कोट खुंटीला टांगलेलाच असायचा. अठरा वर्षांत माझ्या स्टुडिओत पांढरं काही शिरलं की मी आधी त्यावर काळा कोट चढवत आले होते, आणि चाचणीच्या दोरीवरही मी पांढरं कापड टांगलं नव्हतं.

ताई साडीची घडी घालत म्हणाल्या, "जमेल तुला. अजून पंधरा दिवस आहेत." त्यांनी घडी घालताना कडा बोटांनी चाचपून जुळवल्या, डोळ्यांनी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी मी पायरीवर उभी.

"बदलून मिळेल का?" मी विचारलं. "दुसरा देता का? ह्याच्यात पांढरं जळतंय, नुसता कोरा कागद उरतो."

दुकानदारांनी शांतपणे दुसरा कॅमेरा काढला, काउंटरवर स्वतःचा पांढरा रुमाल पसरला, त्याच्या कडेला पांढऱ्याच दोऱ्याचं एक अक्षर भरलेलं होतं, आणि फोटो काढला. मागच्या छोट्या पडद्यावर मला दाखवला. रुमाल होता. अक्षर नव्हतं.

"मॅडम, पांढरं पांढरंच येणार. निळं हवंय का?"

"मग फिल्ममध्ये कसं येतं?"

"येतं का?"

"येतं ना," मी म्हटलं. आणि मग आठवायला लागले, येतं का? मी इतकी लग्नं काढली, त्यांत बौद्ध लग्नंही होती. साड्यांवर नक्षी होती का? कोणी विचारलंच नव्हतं. मी बघितलं नव्हतं.

"फिल्म जरा सोशिक असते, इतकं खरं," ते म्हणाले. "उजेड थोडा जास्त झाला तरी सांभाळून घेते. एवढं टेन्शन असेल तर दोन्ही न्या."

मला तो तोडगा वाटला. लग्नाच्या दिवसासाठी नवं पान घेऊन मी लिहिलं: माणसं डिजिटल, साडी फिल्म. ह्यांनी ते वाचलं. मदतीला ते येणार होते, बॅग सांभाळायला.

"म्हणजे नवरीचं डोकं डिजिटल आणि धड फिल्म?"

"असं नाही हो."

"मग कसं? मला बॅग धरायची आहे, मला कळायला पाहिजे."

मलाही कळायला पाहिजे होतं. साडी आणि माणूस वेगळे कुठे उभे राहणार होते? मी ओळ खोडली आणि त्याखाली लिहिलं: प्रसंग पाहून. माझ्या अठरा वर्षांच्या वह्यांत "प्रसंग पाहून" ही ओळ त्याआधी कुठेही नाही.

रविवारी आम्ही अकराच्या आत धायरीला पोचलो. नवरीच्या खोलीला एकच खिडकी होती, भिंतीच्या कडेला, उंच आणि अरुंद. ताई मुलीचा पदर लावत होत्या, तोंडात दोन पिना धरून. मी दोन्ही कॅमेरे गळ्यात अडकवले. फ्लॅशचे सेल बदलायचे होते, ते हे बॅगेत शोधत होते. तेवढ्यात डिजिटलचं कार्ड नीट बसलंय का बघावं म्हणून मी फ्लॅशशिवायच एक फोटो काढला. माझा नियम आहे, चाचणीचा फोटो ताबडतोब पुसायचा, कार्डावर जागा अडवायला नको. सव्विसावा मुद्दा. पण बाहेरून कोणीतरी हाक मारली, "फोटोवाल्या बाई, बौद्धाचार्य आले, चला लवकर," आणि मी तशीच निघाले.

त्यानंतरचं मला फारसं सलग आठवत नाही. त्रिसरण-पंचशील चाललं होतं, सगळे हात जोडून उभे होते, आणि मी एका कॅमेऱ्यातून दुसऱ्यात डोळा नेत होते. एकाचं बटन जड, दुसऱ्याचं हलकं. एकदा मी फिल्मच्या कॅमेऱ्याच्या पाठीवर फोटो बघायला गेले. तिथे अर्थातच काही नव्हतं. फुलं उधळली तेव्हा हातात डिजिटल होता आणि तो आधीचा फोटो गिळत बसला होता. हार घालताना फिल्म संपली. ह्यांनी न मागता नवा रोल पुढे केला आणि बारीक आवाजात विचारलं, "डोकं चाललंय की धड?" साडीसाठी म्हणून मी नवरीला दोनदा समोर उभी केली, पदर पसरायला लावला, फ्लॅश लावून फिल्मवर दहा-बारा फोटो काढले. ताई बाजूला उभ्या राहून पदराची कड सरळ करत होत्या. "दिसतायत का गं?" त्यांनी विचारलं. मी "हो" म्हटलं. मला काहीच दिसत नव्हतं, पण फिल्ममध्ये येईल असं मी धरून चालले होते.

मंगळवारी सीडी अमेरिकेला जाणाऱ्या एका पाहुण्याबरोबर गेली, त्याआधी मुलीने काही फोटो ई-मेलने पाठवलेही. अमेरिकेतला दीर खूश झाला. चेहरे, हसणं, ग्रुपमधली टोकाची माणसं, सगळं आलं होतं. त्या दृष्टीने एकतीसपैकी बहुतेक मुद्दे जिंकले. गुरुवारी फिल्मचे फोटो लॅबमधून आले. पाकीट मी दुकानातच उघडलं. साडी मऊ, स्वच्छ, कुठेही जळलेली नाही. पानं नव्हती. एकाही फोटोत नव्हती.

दुकानदारांनी एक फोटो हातात घेतला. "फ्लॅश समोरून मारलात?"

"मग कुठून मारणार? लग्नात समोरूनच मारतात."

"मारतात खरं," ते म्हणाले, आणि फोटो पाकिटात परत ठेवला.

शनिवारी मी ताईंकडे गेले. मुलगी दोन दिवसांसाठी आली होती. सोमवारी ताईंच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. त्यांनी एकेक फोटो हातात घेऊन, नाकाजवळ नेऊन, बघितला आणि बाजूला ठेवला. "छान आलेत," प्रत्येक वेळी म्हणाल्या. पदराचे फोटो बघून झाले तरी तेच म्हणाल्या.

"ताई," मी म्हटलं, "पानं आली नाहीत."

त्या थांबल्या. "आली नाहीत? खरंच?"

"नाही आली."

"मला वाटलं मलाच दिसत नाहीयेत." त्यांनी फोटो पुन्हा उचलला आणि परत खाली ठेवला. "बरं झालं सांगितलंस. म्हटलं, सोमवारनंतर दिसतील."

मुलगी लॅपटॉप घेऊन बसली होती, सीडीच्या दुसऱ्या प्रतीतले सगळे फोटो पहिल्यापासून बघायला घेत. "काकू, हा कुठला? हा प्रिंटमध्ये नाहीये."

यादीतला पहिलाच फोटो. खिडकीपाशी मुलगी सँडलचा पट्टा लावायला वाकलेली, तोंड दिसतही नव्हतं. एका कडेला ताईंचा हात, कोपरापासून पुढे, चिमटीत पिन. आणि मधे आडवा लोंबणारा पदर, त्यावर बाजूने आलेला उन्हाचा उजेड, आणि पानं. प्रत्येक पान वेगळं, प्रत्येकाला स्वतःची बारीक सावली. साखळी टाके मोजता आले असते.

"आई, बघ."

ताई उठून आल्या, पडद्याला जवळजवळ कपाळ टेकवलं. मग बोट ठेवलं. "हे बघ. हे. देठ वर आणि टोक खाली असायला पाहिजे ना? हे उलटं भरलंय मी."

खरंच, पदराच्या दुसऱ्या टोकाला एक पान उलटं होतं.

"वर्षभर हातात होती, मला दिसलं नाही. तुझ्या कॅमेऱ्यानं चुगली केली की गं!" त्या म्हणाल्या, आणि इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला. "आण ती साडी. उसवते."

"आई, हात लावायचा नाही," मुलगी म्हणाली. "काकू, कुठल्या सेटिंगवर काढलात हा?"

मी ते लिहिलं नव्हतं. तो फोटो मी काढला होता असं म्हणणंही मला जड जात होतं. कार्ड बसलंय का बघत होते मी. ज्या कॅमेऱ्याने पांढरं जाळलं त्याच कॅमेऱ्याने ते दाखवलं, आणि ज्या फिल्मवर भिस्त ठेवली तिने काहीच दाखवलं नाही. मग दुसरा घेतला असता तर? त्यानेही दाखवलं असतं? मग मी चार महिने काय निवडत होते? घरी येऊन लांबडी वही उघडली. शेवटी "निष्कर्ष" अशी ओळ आखून ठेवली होती, ती मी भरली नाही. अजूनही ती तशीच आहे. ऑर्डरच्या वहीत मात्र "पानं दिसणे आवश्यक" याच्यापुढे खूण केली.

ताईंना त्या फोटोची मोठी प्रत हवी होती, भिंतीवर लावायला. ऑपरेशन झाल्यावर आधी तीच बघायची, असं त्यांनी ठरवलं होतं. सोमवारी सकाळी मी दुकानात गेले. फ्रेम तयार मिळत होती ती बारा बाय दहाची, आणि फोटो त्या मानाने लांबट. दुकानदारांनी कॉम्प्युटरवर चौकट बसवून दाखवली.

"पूर्ण भरायचा तर एक बाजू कापावी लागेल. डावीकडे हा कोणाचा तरी हात आहे, तो उडवू. नाहीतर उजवीकडचं हे शेवटचं पान."

मी ताईंना फोन लावला. त्या दवाखान्यात निघायच्या तयारीत होत्या.

"माझा हात काप," त्या लगेच म्हणाल्या. "पान कापायचं नाही. उलटं असलं तरी."

फोन ठेवला. चौकट डावीकडे नेली तर पान जात होतं, उजवीकडे नेली तर पिन धरलेला हात. मी वही काढली नाही.

"काही कापू नका," मी म्हटलं. "आहे तसा अख्खा छापा."

"मग वर-खाली पांढरी पट्टी राहील, मॅडम. बरं दिसणार नाही."

"राहू दे पांढरी," मी म्हटलं.